कव्हरावर माही नात

सिनेमाच्या मासिकाचं कव्हर पह्यले फाडा लागे. मंगच कागदी पिशव्या चिकटवाचं काम सुरू होये. आतले कागद पातळ, खळ धरत. कव्हर गुळगुळीत, त्याले खळ लावली का सुकल्यावर सुटून जाये. किराना दुकानदार म्हने, "बाई, कव्हराची पिशवी मले देऊ नोको. गिऱ्हाइकाची साखर रस्त्यात सांडते." म्हनून झाडझूड झाली का माहं पह्यलं काम हेच. एका हातानं मासिक दाबून धरा, दुसऱ्या हातानं कव्हरावरच्या बाईचं तोंड टरकन ओढा अन् बाजूले ठेवा.

हे काम मले लागलं काऊन, ते सांगतो. पोराचा बाप नांदुऱ्याले कापसाच्या जिनिंगमध्ये होता. एक दिवस उजवा हात मशीनच्या पट्ट्यात गेला. हात राह्यला, पन बोटं वळेनात. मालक म्हनला बरा होऊन ये. बरा होऊन गेला तं त्याच्या जागी दुसरा उभा. घरात सासू, पदरात पोरगा, अन् मी. शेतात मजुरीले जाओ, पन मजुरी बाराही महिने नाई. तवा रद्दीवाल्यापासून रद्दी आनाले लागली. त्यात पेपर असत, वह्या असत, अन् सिनेमाची मासिकं ढीगभर. गाडीतले लोकं वाचून ठेसनावर टाकून जात, ते सगळे फिरून फिरून त्याच्या दुकानात येत.

मी दुसरीपर्यंत शाळेत गेली. मंग पाठचा भाऊ झाला अन् त्याले सांभाळाले घरी राह्यली. बारीक अक्षर मले किड्यावानी दिसे. पन कव्हरावरचं अक्षर केवढालं! बोट ठेवून ठेवून ते मले येऊ लागलं. म्हनून माहं वाचन कव्हरापुरतं. आतलं मी कधी वाचलं नाई.

पाहून पाहून मले त्या कव्हराची रीत समजली. मासिकाचं नाव सगळ्यात वर अन् सगळ्यात मोठं. ठेसनावरचा दुकानदार मासिकं दोरीले एकावर एक लटकवे, तवा वरचाच पट्टा दिसे, म्हनून नाव वर. पन त्या नावाच्या मधातच बाईचं डोकं. दोन अक्षरं तिच्या केसाखाली गेलेली. मले राग ये. मी आधीच अडखळत वाचनारी, अन् हे अर्धं नाव झाकून ठेवते! वाटे, काई तरी लपवून राह्यले हे लोकं. तोंडावर कोठी वांग नाई, पुटकुळी नाई, देवीचा व्रन नाई. काल जल्मलेल्या पोरालेबी असं कातडं नसते. मी नखानं खरवडून पाहो, खाली काई निंगते का म्हनून.

बाई असली का तिचे डोळे आपल्याकडे. मानूस असला का छातीवर हात बांधलेले. दोघं असले का मानूस आपल्याकडे पाहे अन् बाई त्याच्याकडे. त्यायच्यात बिनसलं असलं का दोघांच्या मधातून फाटल्यावानी वाकडीतिकडी रेघ. ह्या रेघेनं मले एकदा लय फसवलं. मी रद्दीवाल्याशी भांडाले गेली, "फाटके कव्हरं काऊन देतो बे? कागद तं धड दे!" तो म्हने, "बाई, बोट फिरवून पाय." बोट फिरवलं तं कागद अखंड. फाटलेलं बी छापलेलं होतं. त्या दिवसापासून कव्हर हातात आलं का मी पह्यले बोट फिरवो, मंग डोळ्यानं पाहो.

दिवाळीच्या अंकात त्याच बाईच्या हातात पनती अन् डोक्यावर पदर. वर्षभर पदराचा पत्ता नाई, अन् दिवाळीले लक्ष्मी.

अन् बाजूले पिवळी अक्षरं, लाल पट्ट्यावर. बाईच्या बाजूच्या अक्षरायच्या शेवटी वाकडा आकडा, त्याच्या खाली टिंब. मानसाच्या बाजूले सरळ दांडा, त्याच्या खाली टिंब. पोराचा बाप सातवी शिकलेला. त्याले इचारलं.

"वाकडा म्हनजे प्रश्न," तो म्हनला. "सरळ म्हनजे वा वा!"

"मंग बाईलेच काऊन प्रश्न? मानसाले काऊन नाई?"

"ते मासिकवाल्याले इचार. मले काय इचारते?"

जेवणं झाली का मी त्याले आतलं वाचाले लावो. कव्हरावर लिहिलेलं राहे, लपून लग्न केलं का? आत तो पानं उलटून उलटून शोधे, अन् म्हने, "नाई वं, काईच नाई. ती म्हनते आमी दोघं चांगले मित्र आहो." मले खरं वाटत नसे. काऊन का, त्याच बाईचं पुढच्या वर्षाचं कव्हर माह्या हातात ये, अन् त्यात ती त्याच मानसासंग हार घालून उभी! असं एकदा नाई, लय वेळा झालं. मी मनात पक्कं करून टाकलं, कव्हर खरं बोलते अन् आतलं खोटं बोलते. तोंडानं नाई म्हननाऱ्या मानसावर माहा इश्वास बसेना. रद्दीवाला नाई म्हने तवा मी गोनी उलटी करून पाहो. डॉक्टर म्हनला पोराच्या बापाले काई मोठं नाई, कापसाची धूळ आहे छातीत, बरा होईन. मी घरी येऊन सासूले सांगतलं, हा काई राहत नाई. नाई राह्यला.

फाडलेले कव्हरं मी भिंतीले चिकटवले होते, माती झडे म्हनून. सासूले ते पटे ना. म्हने, "ह्या सटव्या माह्याकडेच पाहून राह्यल्या. इकडे बसली तरी पाह्यते, तिकडे बसली तरी पाह्यते." शेवटी मी सगळे काढून उलटे लावले, तोंडं भिंतीकडे. तवा ती सुखानं जेवली.

मंग प्लास्टिक आलं, पिशव्याचं काम गेलं. मासिकंबी गेले. आता ठेसनावर दोरी नाई अन् लटकनारी बाईबी नाई. पोरगा मोठा झाला, त्यानं मालवाहू गाडी घेतली. आमच्या वडनेरहून कापूस भरते, नांदुऱ्याच्या मंडीत उतरवते. त्याची एकच पोरगी, माही नात. ती खामगावले नर्सचं शिकून राह्यली, हॉस्टेलात राह्यते. आमच्या घरात एवढं शिकनारी तीच पह्यली. तिले धाडाले पोरगा राजी नव्हता. त्याचा सौभाव माह्यावरच गेला, कोनावर भरोसा नाई. मी अन् सुनेनं लावून धरलं तवा तो म्हनला, "धाडतो. पन तिचं एक जरी काई कानावर आलं, तं त्याच दिवशी सामान उचलून घरी आनीन. मंग कोनी मधात पडायचं नाई." पोरीनं मान हालवली. मीबी हालवली.

शेवटची परीक्षा आली होती. पंधरवडा राह्यला असंन. त्या दिवशी सून शेतात कापूस वेचाले गेलेली, पोरगा मंडीत, अन् मी ओट्यावर हरभरा निवडून राह्यली होती. शेजारीन आली. तिच्या हातात मोबाईल, अन् तोंडावर असं हासू, का जसं काई तिच्या घरी पाहुनेच आले.

"मावशी, तुमची नात सिनेमात गेली अन् आमाले सांगतलं बी नाई?"

"कोन सिनेमात गेली?"

"आता मीच सांगू का? पाहा ना."

तिनं मोबाईल माह्या डोळ्याम्होरं धरला. म्या पाह्यलं अन् हातातलं सूप खाली ठेवलं.

कव्हर होतं. वर मासिकाचं नाव मोठ्या अक्षरात, अन् त्या नावाच्या मधात माह्या नातीचं डोकं, दोन अक्षरं केसाखाली गेलेली. लाल साडी. हनवटीखाली हात. डोळे माह्याकडे. बाजूले पिवळी अक्षरं. म्या बोट ठेवून वाचलं. "कोण आहे तो?" शेवटी वाकडा आकडा. त्याच्या खाली, "तिचं गुपित, तिच्याच तोंडून!" कोपऱ्यात किंमत. किंमतीच्या बाजूले काळ्या उभ्या रेघा.

म्या सवयीनं बोट फिरवलं. कव्हर सरकन वर गेलं अन् दुसऱ्याच कोनाचं लग्न दिसाले लागलं.

"अवं मावशी, हात नोका लावू! पळून जाते ते," शेजारीन म्हनली अन् तिनं पुन्हा आनलं.

नातीच्या भुवईवर खोक आहे. लहानपनी हापशीच्या दांड्यानं लागलं होतं. कव्हरावर खोक नव्हती. दुसऱ्या कोनी म्हनलं असतं, खोक नाई म्हनजे ही आपली नाईच. मले उलटं वाटलं. म्या जन्मभर पाह्यलं होतं, कव्हरावर चढली का बाईच्या तोंडावर डाग ठेवत नाई. म्हनजे हे पक्कं कव्हर होतं.

"कोठून आलं हे?"

"माह्या भाच्याच्या मोबाईलवर आलं. त्याले कोनी धाडलं काय माहीत. मावशी, हा 'तो' कोन वं?"

"मले काय माहीत?"

"घरच्यायले माहीत नाई अन् छापनाऱ्याले माहीत! कमाल आहे बाई."

"हे तुह्या पोटात राहू दे," म्या म्हनलं.

"माह्या पोटात राहीन हो. मोबाईलच्या पोटात कसं राहीन?" ती उठली. चार घरं पुढं जाऊन पुन्हा थांबली, तेबी म्या पाह्यलं.

पोराच्या कानावर जाये, त्याच्या आत मले पोरीले गाठाचं होतं. बापाम्होरं उभी राह्यल्यावर ती काय बोलंन, अन् तो काय ऐकंन. म्या दार लोटलं, लुगडं बदललं अन् यष्टीवर गेली.

यष्टीत बसल्यावर एकेक आठवाले लागलं. मागच्या सुट्टीत आली होती तवा मोबाईल घेऊन घडीघडी मांगच्या अंगनात जाये. समोरचे केस कापून आनले होते. म्या इचारलं तं म्हने टोपीत बसत नाई. नर्स कोठी टोपी घालते आता? म्या दवाखान्यात तं कोनाच्या डोक्यावर टोपी पाह्यली नाई. जातानी माह्या पाया पडली अन् उगीच रडली. तवा वाटलं होतं माया आहे. आता ते रडनंबी मले साधं दिसेना. म्होरच्या सीटवर एक पोरगी मोबाईलमध्ये पाहून हासून राह्यली होती. म्या वाकून पाह्यलं, माह्या नातीलेच तं पाहून हासत नाई ना. ती कोनत्या तरी भाजीचं पाहून राह्यली होती.

नांदुऱ्याले गाडी बदला लागते. मंडी काई दूर नाई. पोरगा कोठून निंगंन अन् मले पाहीन, म्हनून पदर डोळ्यापर्यंत ओढला अन् खांबाआड उभी राह्यली. खामगावची गाडी लागली तवा पह्यली मी चढली.

हॉस्टेलच्या फाटकावर उभी राह्यली. दुपारची डिवटी सुटली तवा पोरी आल्या, सगळ्या एकसारख्या कपड्यातल्या. माह्या नातीनं मले दुरून पाह्यलं अन् ती पळतच आली.

"आजी! कोन गेलं? आई बरी आहे ना?"

"सगळे बरे आहे. तू कव्हरावर काऊन गेली?"

"कोनत्या कव्हरावर?"

"सिनेमाच्या. लाल साडीत. खोक पुसून."

ती पह्यले माह्या तोंडाकडे पाहतच राह्यली. मंग जे हासाले लागली, का तिले भिंत धरा लागली. मले तिचं हासनं आवडलं नाई. मी एवढ्या दुरून उपाशी आली अन् ही हासते.

"हास. घरी बापाम्होरं असंच हासजो."

तवा ती थांबली. मले आत पायरीवर बसवलं, पानी आनलं अन् मोबाईल काढला. तिथी एक नाई, वीसेक कव्हरं होते. तिच्याबरोबरच्या सगळ्या पोरी कव्हरावर. एकीच्या बाजूले लिहिलेलं, "एकाच वेळी दोघांना होकार?" दुसरीच्या बाजूले, "भावाच्या मित्राशी लपून साखरपुडा?" एक बिचारी जाडा चष्मा घातलेली, तिच्या बाजूले, "परदेशी नवऱ्याला का सोडलं?"

"आमच्या निरोपाचा कार्यक्रम होता आजी. सगळ्यायनं एकमेकीचे बनवले अन् भिंतीले लावले. नुस्ता फोटो टाकायचा, मोबाईल बाकी सगळं करते."

"किंमत कोनं टाकली?"

"आपोआप येते."

"अन् काळ्या रेघा?"

"त्याबी आपोआप."

"खोक?"

"तीबी आपोआपच जाते."

म्या म्हनलं, "मले खोटं सांगू नोको. एवढं सगळं आपोआप होत नाई. छापखाना लागते, रद्दीवाला लागते, माह्या डोळ्यादेखत गेलं हे सगळं."

तिनं मोबाईल माह्या तोंडाम्होरं धरला, म्हने इकडे पाय. मी पाह्यलं. ती बोटानं काई तरी करत राह्यली, अन् पानी पिऊन होते ना होते तं माह्या हातात मोबाईल देला. कव्हर. वर मासिकाचं नाव. मधात माहं डोकं, पदरासकट. सुरकुत्या कोठीच नाई. गालावरचं मस नाई. बाजूले पिवळी अक्षरं, "सत्तरीत पुन्हा प्रेमात?"

म्या ते लय वेळ पाह्यलं. मी काई कोनाच्या प्रेमात नव्हती. पोराचा बाप गेल्यावर कोनाकडे मान वर करून पाह्यलं नाई, पाहाले सवड नव्हती. अन् कव्हरावर माहे डोळे असे होते, का पाहनाऱ्यानं म्हनावं, आहे, हिचं काई तरी आहे. म्हनजे त्या सगळ्या बाया, ज्यायच्यावर म्या एवढी वर्षं संशय घेतला, त्यायनलेबी असंच कोनी बसल्या जागी प्रश्न लावून देला असंन का? असंन. पन मंग हार घालून उभ्या राह्यलेल्या होत्या, त्याचं काय? माह्या डोक्यात काई बसेना.

"बरं," म्या म्हनलं. "हे खोटं. पन तुह्या बाजूले 'कोण आहे तो' हे कोनं लिहिलं?"

"मैत्रिणीनं."

"दुसरीले नवरा सोडाले लावला, तिसरीचा साखरपुडा केला. तुलेच फक्त 'कोण' काऊन? तिले काई दिसलं असंन तवाच लिहिलं ना तिनं."

नात खाली पाहाले लागली. कपड्याले टाचलेलं घड्याळ उगीच सरळ केलं, ते सरळच होतं.

"कोनी नाई आजी."

"आतल्या पानावर असंच लिहिलेलं राहे."

"आजी, खरंच."

म्या अजून काई इचारनार, तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. बाप होता. तिनं कानाले लावला, पन तो एवढ्या जोरानं बोले का मले पायरीवर सगळं ऐकू ये. "मंडीत चार मानसायम्होरं मले मोबाईल दाखवला लोकायनं! सामान बांध. मी निंगलो नांदुऱ्याहून. परीक्षा गेली चुलीत." तिनं "पप्पा, ऐका ना" म्हनलं तवर फोन बंद. पुन्हा लावला तं उचलला नाई.

ती रडली नाई. नुस्ती उभी राह्यली अन् म्हने, "झालं." तीन वर्षं शिकली अन् पंधरवड्यासाठी झालं. मी तिच्याकडे पाह्यलं. 'कोण' असो का नसो, ते नंतरचं होतं. हिले एकदा घरी आनलं का हा पुन्हा धाडत नाई, हे मले पक्कं माहीत होतं. त्याले समजावता येत नाई. मलेच कोनाले समजावता आलं नाई तं तो माहाच पोरगा आहे.

"तुह्या बापाचा फोटो आहे का त्याच्यात?" म्या इचारलं.

"आहे. गाडीजवळचा. काऊन?"

"चढव कव्हरावर."

"आजी, पप्पा मले मारतीन!"

"तुले काऊन मारंन? मी आहे ना बसली."

फोटोत तो गाडीले टेकून, छातीवर हात बांधून उभा होता, मानसायची कव्हरावरची रीतच ती. नातीनं केलं. मोबाईलनं त्याचं टक्कल भरून काढलं, पोट आत घातलं. नात लिहाले लागली, "मंडीचा वाघ!" अन् पुढं सरळ दांडा.

"ते नोको," म्या म्हनलं. "वाकडा टाक. बाईच्या बाजूले टाकते तसा."

मंग म्या सांगतलं अन् तिनं लिहिलं, "मंडीत रोज कुणाची वाट पाहतो?"

"आता हे आपल्या शेजारनीले धाड. अजून कोनालेच नोको. तिले एकटीले धाडलं का झालं."

नातीनं धाडलं. आमी दोघी पायरीवर बसून राह्यलो. तिनं मले बिस्किटं आनून देले. एक म्या खाल्लं.

पोरगा आला तं गाडी फाटकातच उभी करून उतरला. मले वाटलं येऊन पोरीवर वरडंन. तो पोरीकडे पाहेच ना. तोंड लाल, मोबाईल हातात, अन् तो मोबाईल वाजतच होता. मले तिथी पाहून दचकला, पन तू कशी आली, हेबी इचारलं नाई.

"माय! बरं झालं तूच भेटली. शपथ घेऊन सांगतो, मी तिथी फक्त कापूस उतरवतो!"

"काय झालं?"

"काय झालं! गावभर झालं! मंडीतले लोकं फोन करून राह्यले, कोन आहे ती म्हनून. तुही सून शेतातून तीनदा वरडली माह्यावर. म्हने, कापूस वेचून माहे हात फाटले अन् तू तिथी वाट पाहतो का? मी म्हनलं कोनाची? ती म्हने, तेच तं मी इचारून राह्यली!"

त्यानं मोबाईल माह्याम्होरं धरला. म्या पाह्यलं, जसं काई पह्यल्यांदाच पाहतो.

"चांगला दिसतो," म्या म्हनलं. "पन छापलेलं आहे बाप्पा. किंमतबी आहे. मंग खोटं कसं असंन?"

"अवं माय, किंमतीले काय होते! हे मोबाईलमध्ये कोनीबी बनवते. फोटो टाकला का झालं. खोटं आहे हे सगळं, सपशेल खोटं!"

"असं का?"

म्या एवढंच म्हनलं. त्याचा मोबाईल पुन्हा वाजला, त्यानं उचलला नाई. मंग त्यानं पोरीकडे पाह्यलं, अन् पोरीनं मोबाईल पाठीमांगं लपवला. तो मानूस काई बुद्धू नाई. माह्याकडे पाह्यलं, पुन्हा पोरीकडे पाह्यलं.

"हे तुमी दोघीनं?"

"कोनी नाई," म्या म्हनलं. "आपोआप होते."

त्याले हासू येत होतं का रागानं ओठ हालत होते, ते मले समजलं नाई. फाटकावरच्या चौकीदार बाईनं गाडी काढाले सांगतलं. तो पोरीले म्हनला, "परीक्षा कवा आहे?" तिनं सांगतलं. "अभ्यास कर. अन् पुन्हा असे खेळ करजो नोको." सामानाचं नाव त्यानं काढलं नाई. मले म्हनला, "बस गाडीत."

नांदुरा आलं. फाटकावर गाडी थांबली, रेल्वे जाऊ लागली, तवा म्हनला, "माय, पोरीचं खरंच कोनी नाई ना?"

"म्या इचारलं. नाई म्हनली."

"तुले काय वाटते?"

"मले काय वाटते ते तू इचारू नोको. मले तं तुह्यावरबी संशय येते. न इचारता शपथ काऊन खाल्ली बे तू?"

रेल्वे गेली, फाटक उघडलं, तरी मांगच्या गाड्या वाजवू लागेपर्यंत त्यानं गाडी काढली नाई.

घरी सुनेनं त्याले जेवाले वाढलं, पन बोलली नाई. म्या तिले काईच सांगतलं नाई. दोनचार दिवस त्यानंच तिले समजावलं, मोबाईल दाखवू दाखवू, कसं बनवते ते. शेजारीन ओट्यावर येऊन म्हनली, "मावशी, बाप अन् लेक दोघंबी सिनेमात!" तिनं दोन्ही कव्हरं सारख्याच इमानानं गावभर फिरवले होते, अन् दोन्ही एकत्र पाहून लोकं आता एकाचबी खरं मानेनात.

शेवटचा पेपर झाला त्या दिवशी नातीचा फोन आला. सून चुलीजवळ होती, पोरगा बाहेर गाडी धुऊन राह्यला होता. फोन म्या उचलला.

"आजी, पेपर चांगला गेला. सगळेच चांगले गेले."

"जेवली का?"

"आता जातोच आहो जेवाले."

तिच्या मांगं कोनी तरी हासलं. आवाज जाडा, मानसावानी होता.

"कोन आहे तिथी?"

"मैत्रीण आहे आजी."

सुनेनं चुलीजवळून इचारलं, "पोरीचा आहे का? द्या ना इकडे." पोरगाबी हात पुसत दारात आला अन् माह्या तोंडाकडे पाहाले लागला.

"पेपर चांगले गेले म्हनते," म्या दोघायले सांगतलं. अन् फोनमध्ये म्हनलं, "बरं. जेवून घ्या." मंग सुनेच्या हातात देयाच्या आधीच बंद करून टाकला.